कारण न सांगणारा चित्रपट: ‘७१ फ्रॅगमेंट्स ऑफ अ क्रोनॉलॉजी ऑफ चान्स’

पडद्यावर काही ओळींचा मजकूर उमटतो. २३ डिसेंबर १९९३ रोजी मॅक्सिमिलियन बी. या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने व्हिएन्नातील एका बँकेच्या शाखेत तीन माणसांना गोळ्या घालून ठार केले आणि थोड्याच वेळात स्वतःच्या डोक्यात गोळी झाडून घेतली, एवढेच त्यात सांगितले आहे. म्हणजे शेवटी काय होणार हे प्रेक्षकाला पहिल्याच मिनिटाला कळते. ती तीन माणसे कोण, याचा अंदाज मात्र त्याला स्वतःलाच बांधावा लागतो. आणि त्या मुलाने हे का केले, ते चित्रपट संपल्यावरही कोणी सांगत नाही. मिशाएल हानेके यांच्या १९९४ सालच्या या ऑस्ट्रियन चित्रपटाची खरी ताकद, माझ्या मते, या न सांगण्यात आहे, आणि तसे का वाटते ते मला सविस्तर मांडायचे आहे.

हा चित्रपट ठाण्यात चारचौघांत बसून पाहायला मिळाला, याचा आनंद आधी नोंदवतो. नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात रविवारी सकाळी चित्रपट दाखवून नंतर त्यावर चर्चा घडवून आणणारा एक हौशी गट आहे. त्यांनी या वेळी याची निवड केली होती. भाषा जर्मन, खाली इंग्रजी उपशीर्षके, आणि लांबी दीड तासाहून थोडी अधिक. मॉलमधल्या मल्टिप्लेक्सला असे चित्रपट येत नाहीत आणि घरच्या टीव्हीवर पाहायला बसले तर पंधराव्या मिनिटाला हात रिमोटकडे जातो, कारण या चित्रपटाला प्रेक्षकाचा सलग वेळ हवा असतो आणि घरात सलग वेळ मिळणे कठीण. म्हणून कोणाचेही पाठबळ नसताना असे खेळ लावणाऱ्या मंडळींचे मोल मला फार वाटते.

हानेके यांचा जन्म १९४२ चा, म्युनिकचा. चित्रपटगृहांसाठी चित्रपट करण्यापूर्वी त्यांनी बरीच वर्षे दूरचित्रवाणीसाठी काम केले, आणि दूरचित्रवाणीवरचा त्यांचा राग आतल्या माणसाचा राग आहे हे या चित्रपटात जाणवते. ‘द सेव्हन्थ कॉन्टिनेंट’ (१९८९) आणि ‘बेनीज व्हिडिओ’ (१९९२) यांच्यानंतरचा, त्याच मालेतला हा तिसरा चित्रपट. सुखवस्तू समाजातल्या माणसांच्या भावना गोठत चालल्या आहेत, हे या तिन्हींचे सूत्र. पुढे ‘द व्हाइट रिबन’ (२००९) आणि ‘आमूर’ (२०१२) या दोन चित्रपटांसाठी कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्यांना मिळाला आणि आपल्याकडच्या बहुतेक रसिकांना ते या दोन चित्रपटांमुळेच माहीत आहेत. या आधीच्या चित्रपटांकडे त्यामुळे थोडे दुर्लक्ष झाले आहे.

पात्रे अनेक आहेत आणि त्यांची एकमेकांशी ओळखदेख नाही. रात्रीच्या अंधारात पाण्यातून वाट काढत आणि मग मालमोटारीत लपून रुमानियातून ऑस्ट्रियात शिरलेला एक मुलगा आहे, जो व्हिएन्नाच्या रस्त्यांवर भीक मागत आणि किरकोळ चोऱ्या करत दिवस काढतो. मूल दत्तक घेऊ पाहणारे एक जोडपे आहे. बँकांची रोकड पोहोचवणारा एक सुरक्षारक्षक आहे, त्याची पत्नी आहे, त्यांचे आजारी तान्हे मूल आहे. एकटा राहणारा एक निवृत्त म्हातारा आहे, ज्याची मुलगी बँकेच्या काउंटरवर बसते. आणि टेबल टेनिस खेळणारा, मित्रांमध्ये वावरणारा, वरवर पाहता कोणत्याही महाविद्यालयात भेटेल असा मॅक्स हा विद्यार्थी आहे. यांच्याबरोबर एका पिस्तुलाचीही गोष्ट चालू असते. ते लष्कराच्या शस्त्रागारातून चोरीला जाते आणि या हातातून त्या हातात जात मॅक्सपर्यंत पोहोचते.

या सगळ्यांचे ऑक्टोबर ते डिसेंबर १९९३ मधले मोजके दिवस आपल्याला एकाहत्तर तुकड्यांत दिसतात. काही तुकडे काही सेकंदांचे, काही कित्येक मिनिटांचे. काही ठिकाणी बोलणारा माणूस वाक्य पुरे करत नाही तोच प्रसंग तोडलेला आहे. दोन तुकड्यांच्या मध्ये पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो. त्या काळ्या जागेत पाहणाऱ्याच्या मनात एक काम सुरू होते: आत्ता पाहिलेले मागच्या कशाशी जोडायचे? पुढच्या तुकड्यात त्याचे उत्तर मिळेल असे वाटते आणि पुढचा तुकडा भलत्याच घरात, भलत्याच माणसांत उघडतो. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, त्यामुळे अमुक प्रसंगी दुःख करावे किंवा अमुक ठिकाणी भ्यावे, असे सुचवणारेही कोणी नाही. आमच्या सभागृहाच्या खिडक्यांना जाड पडदे नव्हते, म्हणून हा काळा पडदा बराचसा करडा दिसत होता आणि त्या शांततेत गोखले रस्त्यावरचे हॉर्न स्पष्ट ऐकू येत होते. आयोजकांनी पुढच्या वेळी याकडे जरूर लक्ष द्यावे, कारण या चित्रपटात काळोख हा चित्रपटाचाच भाग आहे.

हानेके वेळेची वाटणी कशी करतात, हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. मॅक्स टेबल टेनिसचा सराव करतो तो प्रसंग घ्या. समोर प्रतिस्पर्धी नाही. एक यंत्र ठरावीक अंतराने चेंडू फेकते आणि तो ते परतवतो. कॅमेरा जागचा हलत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात आपण त्याचे कौशल्य पाहतो. मग कंटाळा येतो. सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या, मागच्या रांगेत कोणीतरी हसले. प्रसंग तरीही चालूच राहतो, जवळजवळ तीन मिनिटे. चेंडूचा तोच आवाज, बुटांचे जमिनीवर घासणे, वाढत जाणारा श्वास. हळूहळू हसू थांबते, कारण यंत्र दमणार नाही आणि मुलगा दमत चालला आहे हे अंगावर येऊ लागते. त्याच्या डोक्यात काय चालले आहे याचा पत्ता लागत नाही, पण ज्याला थांबायची मुभा नाही अशा एका शरीराची ओळख आपल्याला होते. आमच्यात बसलेला एक महाविद्यालयीन मुलगा स्वतः हा खेळ खेळणारा होता. तो नंतर म्हणाला, “यंत्रावर सराव केला की फटका सुधारतो, पण समोरच्याकडे बघायची सवय मोडते. आमचे सर याच कारणासाठी रोज थोडा वेळच देतात.” ज्याने तो खेळ कधी हातात धरला नाही अशा माझ्यासारख्याला हे सुचले नसते, आणि ते ऐकल्यापासून त्या प्रसंगाकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहतो.

म्हाताऱ्याचा दूरध्वनीचा प्रसंग याहून मोठा आहे, साधारण आठ मिनिटांचा, आणि माझ्या लेखी तो या चित्रपटाचा गाभा आहे. म्हातारा खोलीत बसून मुलीशी बोलतो. पलीकडचे आपल्याला काहीच ऐकू येत नाही. तो तक्रार करतो, लगेच ती मागे घेतो, तिला वेळ नाही हे आपल्याला ठाऊक असल्याचे सांगून तिला अपराधी वाटायला लावतो, मग स्वतःच नरमतो. नातीशी बोलायला मिळते तेव्हा त्याचा आवाज क्षणात बदलतो. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे एकच मागणी आहे आणि ती तो एकदाही सरळ करत नाही. आपल्याला त्याची दया येते आणि त्याच वेळी त्याच्या मुलीचा जीव का विटला असेल तेही कळते. नौपाड्यातल्या त्या सभागृहात निम्म्याहून अधिक प्रेक्षक साठीच्या पुढचे होते. कित्येकांची मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात. प्रसंग सुरू झाला तेव्हा थोडी कुजबुज होती. दोन-तीन मिनिटांनंतर कोणीही हलले नाही. या प्रसंगात कोणी कोणावर हात उगारत नाही, पण आपल्याच माणसाला बोलण्यात पकडून ठेवणे आणि आपल्याच माणसाला टाळणे या दोन्ही गोष्टी एकाच फोनवर किती सराईतपणे चालतात, ते हानेके यांनी एक शब्दही न जोडता दाखवले आहे.

हाच म्हातारा एका प्रसंगात पेन्शनच्या निमित्ताने बँकेत जातो आणि मुलीच्याच खिडकीपुढे उभा राहतो. ती अवघडते, रांगेत माणसे आहेत, सहकारी बघत आहेत. चर्चेच्या वेळी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, “काउंटरवर आपलं माणूस आलं ना, की आधी त्याच्या मागच्या रांगेकडे लक्ष जातं. त्याच्या चेहऱ्याकडे नंतर.” त्यांचे हे वाक्य त्या नटीच्या नजरेचे अचूक वर्णन आहे.

सुरक्षारक्षकाच्या घरातला जेवणाचा प्रसंग या चित्रपटाविषयी बोलताना सगळेच सांगतात, म्हणून मी तो थोडक्यात सांगतो. नवरा-बायको न बोलता जेवत आहेत. तो अचानक म्हणतो की माझे तुझ्यावर प्रेम आहे. ती गोंधळते, संशयाने विचारते की काय झाले, प्यायला आहेस का. तो तिच्या थोबाडीत मारतो. ती गप्प राहते आणि काही वेळाने त्याच्या हातावर हात ठेवते. दोघे पुन्हा जेवू लागतात. विजय तेंडुलकरांची नाटके वाचून-पाहून मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला घरातली हिंसा बोलण्यातून फुटताना पाहायची सवय आहे. तिथे माणसे एकमेकांना शब्दांनी सोलून काढतात. इथे शब्द बोलायची सवयच मोडली आहे, आणि एवढ्या वर्षांनी एक वाक्य बाहेर आले तर ते कुठे ठेवावे हे दोघांनाही कळत नाही. ती थप्पड पाहून मला राग आला. तिचा तो हात पाहून मात्र काय वाटले ते सांगणे अवघड आहे, कारण त्यात क्षमा आहे की केवळ शीण, हे चित्रपट ठरवू देत नाही.

दत्तकाची गोष्ट मात्र विस्ताराने सांगायला हवी, कारण माझ्या मते या चित्रपटातले सर्वांत मोठे क्रौर्य तिथे आहे आणि चर्चेत कोणी त्याचा उल्लेख केला नाही. ब्रुनर दांपत्य अनाथाश्रमातून आनी नावाच्या एका अबोल, आक्रसलेल्या मुलीला घरी आणू पाहते. ते तिला फिरायला नेतात, तिच्याशी गोड बोलतात, तिच्यासाठी जे जे करणे योग्य ते सर्व करतात. मुलगी मात्र जवळ येत नाही. हात लावला की अंग चोरते. या प्रसंगांत त्या बाईची तळमळ खरी आहे. आपण मनातून तिच्या बाजूने असतो आणि ती मुलगी एकदा तरी हसावी असे आपल्यालाही वाटत राहते. मग एके दिवशी टीव्हीच्या बातम्यांत तो रुमानियन मुलगा दिसतो. तो पोलिसांच्या हाती आलेला आहे, त्याची मुलाखत चालू आहे, त्याची कहाणी हृदयद्रावक आहे. आणि हे जोडपे आनीऐवजी त्याला घरी आणते.

यात कोणी दुष्ट नाही. एका बेघर मुलाला घर मिळाले, म्हणजे वर्तमानपत्राच्या भाषेत ही चांगलीच बातमी. पण आनीचे काय झाले? चित्रपट तिच्याकडे फिरून जातो, पण फार काळ थांबत नाही, आणि तिच्यावर काय गुदरले असेल याची कल्पना करण्याचे ओझे आपल्यावर टाकतो. त्या बाईला दया आली, हे खरे. परंतु दया येण्यासाठी तिला पडद्यावरचा चेहरा लागला, समोर बसलेली मुलगी पुरली नाही. एखाद्या आपत्तीची चित्रे पाहून रात्री डोळे पाणावतात, त्याच वेळी इमारतीच्या खाली राहणाऱ्या वॉचमनच्या मुलाचे नावही आपल्याला ठाऊक नसते. घोडबंदर रस्त्यावरच्या मोठमोठ्या संकुलांत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हे आपल्या घरातच पाहता येईल. हानेके इथे त्या बाईला दोष देत नाहीत, आणि म्हणूनच तो प्रसंग पाहणाऱ्याला सुटका मिळत नाही.

चित्रपटभर अधूनमधून दूरचित्रवाणीच्या बातम्या येतात. सोमालिया, बोस्निया, दक्षिण लेबनॉन, तुर्कस्तान आणि कुर्द यांचा संघर्ष, मायकेल जॅक्सनवरचे आरोप. प्रत्येकाला ठरावीक वेळ, निवेदकाचा आवाज प्रत्येकासाठी तोच. इथे एक गोष्ट मला आमच्या पिढीसाठी फार जवळची वाटली. १९९३ हे साल आपल्याकडेही बातम्यांच्या पडद्यावर रक्ताने माखलेले होते. वर्षाची सुरुवात मुंबईच्या दंगलीने झाली होती, १२ मार्चच्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली होती, आणि सप्टेंबरच्या अखेरीस किल्लारीचा भूकंप झाला होता. ठाण्याहून रोज गाडीने फोर्टला जाणारी शेकडो माणसे त्या १२ मार्चला दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या आसपास होती. कोण जेवायला बाहेर पडले आणि कोण टेबलापाशीच राहिले, कोणी नेहमीचा रस्ता सोडला, यावर कोण संध्याकाळी घरी आले ते ठरले. त्या हिंसेमागे कट होता, आरोपी होते, पुढे वर्षानुवर्षे खटला चालला; व्हिएन्नाच्या त्या बँकेतल्या गोळीबाराशी तिची बरोबरी करणे योग्य होणार नाही. परंतु मरणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर योगायोग दोन्हीकडे सारखाच आहे. शीर्षकातला ‘चान्स’ म्हणजे योगायोग मला समजला तो या बाजूने. आपल्या लोकप्रिय चित्रपटांत योगायोगाने हरवलेले भाऊ भेटतात. इथे त्याच्यामुळे कोण त्या दिवशी रांगेत उभे असेल एवढेच ठरते.

शेवटचा दिवस नाताळच्या आदल्या दिवसाच्या आदला. मॅक्स गाडीत पेट्रोल भरतो आणि त्याच्याजवळ रोख पैसे नाहीत. एटीएम चालत नाही. समोरच्या बँकेत लांब रांग आहे; तो पुढे घुसू पाहतो तेव्हा एक ग्राहक त्याला झिडकारतो आणि खाली पाडतो. तो गाडीकडे परततो, पिस्तूल घेतो, पुन्हा बँकेत जातो आणि गोळ्या झाडतो. मग रस्ता ओलांडून गाडीत येतो आणि स्वतःला संपवतो. गोळीबार विलक्षण वेगाने उरकतो. कोण पडले, कोण वाचले हे धड दिसत नाही, किंचाळ्यांचा कल्लोळ नाही, कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर झेपावत नाही. त्यानंतर मात्र एक दृश्य येते आणि थांबते: जमिनीवर पडलेला एक देह, आणि त्याच्याखालून सावकाश पसरत जाणारे रक्त. चेंडूच्या यंत्राला आणि म्हाताऱ्याच्या फोनला ज्या हाताने वेळ दिला होता, त्याच हाताने इथेही वेळ दिलेला आहे. दत्तक घेतलेला मुलगा बाहेर गाडीत बसलेला असतो. बाई काही मिनिटांत येते असे सांगून बँकेत गेलेली असते.

चर्चा इथेच तापली. बँकेतून निवृत्त झालेल्या त्याच गृहस्थांचा आक्षेप असा होता की मुलाच्या घरची स्थिती, आई-वडील, अभ्यासाचा ताण, यांपैकी काहीतरी नीट दाखवायला हवे होते. नाहीतर प्रेक्षकाने शिकायचे काय? त्यावर टेबल टेनिस खेळणारा तो मुलगा म्हणाला, “काका, समजा दाखवलं असतं की त्याला घरी मार बसायचा. मग तुम्ही म्हणाला असता, बरोबर, म्हणूनच.” काका म्हणाले, “मग त्यात चूक काय? कारण कळलं तर पुढच्या वेळी कोणाला तरी थांबवता येईल.” दोघांचेही म्हणणे मला मनापासून पटते, आणि तरीही चित्रपटापुरता मी त्या मुलाच्या बाजूने आहे. पोलिसांनी, न्यायालयाने, मानसोपचारतज्ज्ञांनी कारण शोधलेच पाहिजे. ते त्यांचे काम आहे. चित्रपटाने कारण सांगितले की प्रेक्षक मोकळा होतो. घरी मार बसत नसलेली आपली मुले, रांगेत पुढे न घुसणारे आपण, सगळे त्या कारणाच्या अलीकडे सुरक्षित उभे राहतो. हानेके यांनी ही सुरक्षित जागा शिल्लक ठेवलेली नाही.

चित्रपटात विद्यार्थ्यांचा एक खेळ आहे. कागदाचे काही तुकडे ठरावीक वेळात जुळवून क्रूसाचा आकार तयार करायचा. पैज लावून, घड्याळ पाहत ते तो खेळतात, आणि ज्याला जमत नाही तो चिडतो. प्रेक्षक म्हणून आपण एकाहत्तर तुकड्यांशी तोच खेळ खेळत असतो, फक्त आपले तुकडे जुळून आकार होत नाही. अनेक कथानके एका घटनेपाशी आणून गुंफण्याची पद्धत पुढे बरीच रूढ झाली. ‘अमोरेस पेरोस’ (२०००) या मेक्सिकन चित्रपटात मोटारीच्या एका अपघातापाशी तीन गोष्टी भेटतात आणि त्या भेटीमुळे तिन्ही गोष्टींना अर्थ येतो. तो चित्रपट मला आवडतो आणि त्याची गुंफण पाहताना समाधान मिळते. हानेके यांच्या या चित्रपटात धागे एकत्र येतात ते तुटण्यासाठी. ज्यांना गुंफणीचे समाधान हवे आहे त्यांची इथे निराशा होईल, हे मी स्पष्टपणे सांगू इच्छितो.

चित्रपट निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. पेट्रोल पंपावरून बँकेपर्यंतची अडचणींची रांग मला जरा जास्तच जुळवलेली वाटली. रोख पैसे नसणे, एटीएम बंद असणे, रांग, अपमान, सगळे पाठोपाठ येते आणि तिथे लेखकाचा हात दिसतो. ज्या चित्रपटाने इतका वेळ कारणांपासून स्वतःला दूर ठेवले, त्याने शेवटी निमित्तांची एवढी दाटी करायला नको होती. सुरक्षारक्षकाची पत्नी ही व्यक्ती त्या जेवणाच्या टेबलापलीकडे फारशी उभी राहत नाही. रुमानियन मुलाच्या भटकंतीचे काही तुकडे छायाचित्रकार क्रिस्टियान बेर्गर यांनी थंड, स्वच्छ प्रकाशात सुंदर टिपले आहेत, पण ते तुकडे वगळले असते तरी चालले असते. आणि पहिल्या वीस मिनिटांत पात्रे ओळखण्यातच दमछाक होते. इंग्रजी उपशीर्षके वाचण्याची सवय नसलेल्या माणसाला ते आणखी जड जाईल.

शेवटच्या बातम्यांविषयी मात्र माझे मत आयोजकांच्या मताहून वेगळे आहे. चित्रपट बातम्यांवरच संपतो. व्हिएन्नाच्या बँकेतल्या गोळीबाराची बातमी येते, लोकांच्या प्रतिक्रिया येतात, आणि मग सारायेव्होचा नाताळ आणि मायकेल जॅक्सन पुन्हा येतात. प्रास्ताविक करणाऱ्यांनी याला दूरचित्रवाणीवरची टीका म्हटले. ती आहेच, पण एवढ्यावर थांबले तर शेवट हुकतो असे मला वाटते. दीड तासात आपण त्या माणसांबरोबर जेवलो, फोनवर आठ मिनिटे बसलो, चेंडू मोजत दमलो; त्यामुळे ती बातमी ऐकताना प्रत्येक वाक्यातून काय गळले आहे ते आपल्याला माहीत असते. आणि लगेच त्याच आवाजात सारायेव्होची बातमी आली की प्रथमच वाटते, या बातमीतूनही तेवढेच काहीतरी गळले असणार. तिथेही कोणाचा तरी फोन अर्धा राहिला असणार. मला स्वतःला घरी आल्यावर रात्रीच्या मराठी बातम्या नेहमीसारख्या पाहता आल्या नाहीत. डोंबिवलीतल्या एका भांडणाची बातमी होती, फार तर अर्ध्या मिनिटाची, आणि मी बराच वेळ त्या भांडणाच्या आधीच्या दुपारचा विचार करत राहिलो.

ज्यांना हा चित्रपट पाहायचा आहे त्यांनी मालेतल्या तीनपैकी याच्यापासून सुरुवात केली तरी चालेल. कथानके स्वतंत्र आहेत. ‘द सेव्हन्थ कॉन्टिनेंट’मध्ये एक सुखवस्तू कुटुंब घरातली प्रत्येक वस्तू मोडून शेवटी स्वतःलाही संपवते, आणि ‘बेनीज व्हिडिओ’मध्ये एक किशोरवयीन मुलगा एका मुलीचा खून करून तो चित्रित करतो, मन हळवे असेल तर ते दोन्ही एकट्याने पाहू नयेत. या तिसऱ्या चित्रपटात रक्त थोडे आहे, तरी लहान मुलांना सोबत नेण्याचा हा चित्रपट नाही. आमच्या गटाने मध्येच दहा मिनिटांची चहाची सुट्टी घेतली, ती टाळायला हवी होती, कारण त्यानंतर पुन्हा त्या लयीत शिरायला वेळ लागला. पुढच्या खेळाला ‘बेनीज व्हिडिओ’ लावण्याचा विचार त्यांनी बोलून दाखवला आहे. तो जरूर लावावा. फक्त खिडक्यांना काळे कापड बांधावे, चहा शेवटी द्यावा आणि चर्चेसाठी सभागृह आणखी तासभर हातात ठेवावे, कारण या वेळी काका आणि तो मुलगा यांचा वाद रंगात आला असताना पुढच्या कार्यक्रमाची माणसे दारात येऊन उभी राहिली होती.